हिशेबनीस हुकूमशहा
(नालवाडी, जि. वर्धा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)

दोन महायुद्धांमधील युरोपातील हुकूमशाहीचा विषय निघाला की मुसोलिनीचे काळे डगलेवाले आणि हिटलरच्या सभांचा गदारोळ डोळ्यांपुढे येतो. १९२२ आणि १९३३ ही साले कार्यकर्त्यांना पाठ असतात. परंतु त्याच मालिकेतील एक हुकूमशहा गणवेषाविना, हाती खतावणी घेऊन सत्तेवर आला. आणि त्याचीच राजवट गोव्याच्या रूपाने आपल्या अंगणापर्यंत पोचली. तो पोर्तुगालचा सालाझार, कोइंब्रा विद्यापीठातील अर्थशास्त्राचा प्राध्यापक.

१९१० मध्ये राजेशाही संपवून स्थापन झालेल्या तेथील प्रजासत्ताकाने सोळा वर्षांत चाळीसहून अधिक मंत्रिमंडळे पाहिली. महागाई, कर्ज आणि पक्षोपक्षांतील दुफळी यांना विटलेल्या अनेकांनी २८ मे १९२६ च्या लष्करी बंडाचे स्वागतच केले. लष्कराला तिजोरी सांभाळता येईना, तेव्हा १९२८ मध्ये सालाझार अर्थमंत्री झाला. प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपलाच शब्द अखेरचा राहील, ही त्याची अट होती. कर वाढवून आणि खर्च छाटून त्याने अंदाजपत्रकातील तूट नाहीशी केली. त्या पुण्याईवर १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३ साली नवी राज्यघटना आली, राजकीय पोलीस आले, संपाला बंदी झाली आणि स्वतंत्र कामगार संघटना मोडीत निघाल्या. १८ जानेवारी १९३४ रोजी कामगारांनी पुकारलेला सार्वत्रिक संप चिरडला गेला. तूट भरून निघाली होती. ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन, हे उघडपणे विचारण्याची सोय उरली नव्हती.

त्याच १९३२ च्या अखेरीस विनोबा या नालवाडीत राहावयास आले. सूत कातणाऱ्याच्या मजुरीत माणूस जगू शकतो काय, हे त्यांनी येथे स्वतः कातून, तेवढ्याच मिळकतीत राहून पडताळले. विनोबांशी समाजवाद्यांचे सर्वच बाबतींत जमले नाही. आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर तर कडक टीका झाली. तरीही हिशेब कोठून मांडावयास घ्यावा, हे या प्रयोगाने दाखविले. लिस्बनचा हिशेब तिजोरीपासून सुरू होत होता, नालवाडीचा कष्टकऱ्याच्या ताटापासून.

लिस्बनच्या शिस्तीची किंमत गोव्याने दीर्घकाळ मोजली. तेथे सभा आणि छपाई या दोहोंवर सरकारचा पहारा होता. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला बंदी मोडली. १९५५ मध्ये नानासाहेब गोरे, मधु लिमये यांनी सत्याग्रही तुकड्या नेल्या आणि तुरुंगवास भोगला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. खुद्द पोर्तुगीज जनतेला त्यासाठी २५ एप्रिल १९७४ पर्यंत वाट पाहावी लागली.

प्रजासत्ताकाची अव्यवस्था खरी होती, हे नाकारून चालणार नाही. लोकशाही पक्षांच्या भांडणांनीच सालाझारची वाट मोकळी केली. म्हणून ‘निदान कारभार तरी चोख आहे’ असे कोणी म्हणताच कार्यकर्त्याने चिडू नये. तीन प्रश्न विचारावेत. मजुराला संघटना करता येते काय? वर्तमानपत्राला सरकारची चूक छापता येते काय? आणि हे सरकार मतपेटीतून खाली खेचता येते काय? यांतील एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर चोख दिसणाऱ्या त्या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम लपविलेली आहे, असे खुशाल समजावे.