रेडिओचं लायसन पुन्हा हवं का?



रेडिओ ऐकायला सरकारचा परवाना लागायचा, हे आजच्या कॉलेजातल्या मुलाला सांगितलं तर आपली थट्टा चाललीय असं त्याला वाटेल. पण साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना ते छोटं पुस्तक नक्की आठवत असेल. दर वर्षी पोस्टात जायचं, रेडिओचे पंधरा रुपये भरायचे, पुस्तकात तिकीट लावून शिक्का मारून घ्यायचा. टीव्ही असला तर पन्नास रुपये. तपासनीस आला आणि लायसन भरलेलं नसलं, तर दंड. कधी सेटच उचलून नेण्याची भीती. तेव्हा सायकललासुद्धा नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, त्यामुळे रेडिओच्या लायसनचं कुणाला नवल वाटत नसे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ते लायसन गेलं आणि कुणी त्याच्यासाठी हळहळलं नाही.

तरी अधूनमधून कुणीतरी विचारतं, की इंग्लंडात बीबीसीसाठी लोक अजून फी भरतात, मग आपणच का नाही? भरतात हे खरं. एप्रिल २०२५ मध्ये तिथे घरामागे वर्षाला एकशे साडेचौऱ्याहत्तर पौंड पडत होते. जर्मनीत महिन्याला अठरा युरोंच्या वर, घरात टीव्ही असो वा नसो. उलट फ्रान्सने २०२२ मध्ये ही फी रद्दच केली. म्हणजे जगातही एकमत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आकाशवाणी आणि दूरदर्शनला जास्त पैसा मिळायला हवा. लायसन मात्र नको. आणि वाढीव पैसा कुठे खर्च होणार हे ठरल्याशिवाय तो पैसाही नको. आता आकाशवाणीवरूनच आकाशवाणीसाठी पैसे मागायचे म्हणजे पंगतीत बसून यजमानाच्या स्वयंपाकाची तारीफ करण्यासारखं आहे, याची मला जाणीव आहे. पण पुढे थोडं खारट-तिखटही बोलणार आहे.

लायसन का नको? एक तर आपल्याकडे त्याच्यावर रेडिओ कधी तगला नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. कंपनी खाजगी. वर्षाला दहा रुपये लायसन, त्यातले आठ कंपनीला. पण लायसनधारक होते अवघे काही हजार. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने रेडिओ ताब्यात घेतला. पुढे रेडिओ हे सरकारी खातंच झालं. पोस्टात भरलेले रुपये सरकारी तिजोरीत जमा होत आणि रेडिओवर किती खर्च करायचा ते अर्थसंकल्प ठरवी. अखेर जाहिरातींचा आधार घ्यावाच लागला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर पहिल्यांदा जाहिराती वाजल्या त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूर केंद्रावर.

लायसनच्या बाजूने एक युक्तिवाद होतो. श्रोत्याने थेट पैसे दिले की रेडिओ सरकारचा न राहता श्रोत्याचा होतो, असा. ऐकायला तो फार गोड आहे. पण आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, लोक पोस्टात जाऊन इमानदारीने लायसन भरतच होते. त्याच काळात आकाशवाणीला ‘ऑल इंदिरा रेडिओ’ हे टोपणनाव पडलं. पैसे कुणाच्या खिशातून येतात यापेक्षा ते वाटणारा हात कुणाचा आहे, हे महत्त्वाचं. आणीबाणीनंतर बी. जी. वर्गीज यांच्या समितीने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची शिफारस केली, १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि तो लागू व्हायला १९९७ उजाडलं. कागदावर स्वायत्तता आली. पगार अजून दिल्लीच्या अनुदानातून होतात.

शिवाय सरसकट फी म्हणजे मानोऱ्याच्या शेतमजुराला आणि मुंबईच्या मलबार हिलवरच्या बंगल्याला एकच आकडा. आणि वसूल कशी करणार? रेडिओ आता मोबाइलमध्ये आहे. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री एकदा बसवली की पुढे महिन्याचं काही द्यावं लागत नाही, म्हणून तर ती गावोगावी छपरांवर दिसते. तपासनीस कुणाकुणाच्या छपरावर चढवायचे?

पण मंडळी, लायसन गेलं हेही पूर्ण खरं नाही. ज्यांच्याकडे पैसे भरायचं डीटीएच आहे, ते रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी देतात. त्याखेरीज डीटीएच कंपन्यांनी आपल्या ठरावीक उत्पन्नाच्या आठ टक्के रक्कम सरकारला लायसन फी म्हणून द्यायची, असं २०२० च्या धोरणात ठरलं. ती कंपनी काय पदरची देते? म्हणजे लायसन फी आपण भरतोच आहोत, फक्त पुस्तकावर शिक्का पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवी वसुली सुरू करू नका. ही जी आधीच होतेय, तिच्यातला एक ठरावीक हिस्सा कायद्याने प्रसार भारतीच्या नावे लावा. दर वर्षी मंत्रालयाच्या दारात उभं राहायची पाळी येऊ नये, असा.

आता खरा मुद्दा, तो पैसा कशासाठी? यासाठी आपला वाशिम जिल्हाच बघू.

२८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच दिवशी ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले. त्यात वाशिमचाही होता. चांगली गोष्ट झाली. पण ट्रान्समीटर शंभर वॅटचा. पंधरा-वीस किलोमीटर चांगला ऐकू येईल. कारंजा वाशिमपासून साठ किलोमीटरच्या आसपास, रिसोड चाळीसच्या पुढे. आणि मुख्य म्हणजे हे सहक्षेपण केंद्र आहे, दुसरीकडे झालेला कार्यक्रम इथे फक्त उमटतो. वाशिमला ट्रान्समीटर आला, मायक्रोफोन नाही आला.

खाजगी एफएम येईल अशी आशा कुणी बाळगू नये. त्यांचं धोरण मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांसाठी आहे आणि २०११ च्या जनगणनेत वाशिम शहर लाखाच्या बरंच आत होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नव्या शहरांना खाजगी वाहिन्या मंजूर केल्या. यवतमाळ आहे, अचलपूर आहे. मालेगावही आहे, पण हुरळून जाऊ नका, ते आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, नाशिककडचं! आणि खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्याचं काही ऐकू यायचं असेल तर ते सार्वजनिक प्रसारणातूनच येणार.

सरकार पैसा देत नाही असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटींची योजना मंजूर झाली. एफएम ८० टक्के लोकसंख्येपर्यंत न्यायचं, आठ लाखांवर फ्री डिश संच फुकट वाटायचे, तेही दुर्गम भागांत आणि आकांक्षित जिल्ह्यांत. वाशिम हा आकांक्षित जिल्हा आहेच. पण हे मुख्यतः यंत्रांसाठी. मनोरे, स्टुडिओ, संच. बोलणाऱ्या माणसाचं काय? नियमित भरती वर्षानुवर्षं रखडलेली आणि कार्यक्रम नैमित्तिक उद्घोषकांच्या जिवावर चाललेले. २०१९ च्या सुरुवातीला नागपूरहून प्रसारित होणारी रात्रीची राष्ट्रीय वाहिनी बंद झाल्याची बातमी आली, तेव्हा रात्रीच्या लायटीवर हरभऱ्याला पाणी देणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचा निर्णय झाला. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा तो थांबला. पुण्याचा आवाज दिल्लीला लवकर ऐकू जातो, आपला जायला वेळ लागतो.

१९५६ च्या सुरुवातीला पुण्याच्या आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं घेतली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, त्यावर चर्चा करायची, प्रश्न लिहून पाठवायचे आणि रेडिओने पुढे त्यांना उत्तरं द्यायची. त्या पाच जिल्ह्यांत वऱ्हाड नव्हतं, असणारही नव्हतं. वाशिम तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होतं. पण सत्तर वर्षांपूर्वी जे तिकडे जमलं ते आज इथे जमायला काय हरकत आहे?

सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की व्हॉट्सअॅपवर दहा औषधांची नावं फिरतात, त्यातली निम्मी दुकानदाराच्या सोयीची. अशा वेळी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा माणूस मंगरूळपीरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर देतोय, असा अर्धा तास हवा. पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यांवर घरोघरी गोरमाटी बोलली जाते. त्या बोलीत आरोग्याची, शाळेची माहिती हवी. जाहिरातदार यासाठी दमडी देणार नाही. आणि नेमकं जिथे जाहिरातदार दमडी देत नाही, तिथेच सार्वजनिक पैसा लागला पाहिजे. दिल्लीच्या स्टुडिओत आणखी एक चकचकीत चर्चेचं टेबल मांडायला नको.

म्हणून माझी मागणी अशी. डीटीएचच्या लायसन फीतला हिस्सा प्रसार भारतीला मिळावा, आणि त्या हिश्श्यातली ठरावीक रक्कम जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, जिल्ह्याच्या माणसांनी केलेल्या कार्यक्रमांवरच खर्च व्हावी. मनोऱ्यावर नव्हे. वर्षाच्या शेवटी किती तास झाले, किती प्रश्नांना उत्तरं गेली, याचा हिशेब याच रेडिओवरून वाचून दाखवावा.

श्रोतेहो, आपल्या जिल्ह्याला दोन खासदार लाभले आहेत. वाशिम आणि कारंजा विधानसभा क्षेत्रं यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघात येतात, रिसोड अकोल्यात. आपापल्या खासदाराला पत्र लिहा आणि एकच प्रश्न विचारा, वाशिमच्या ट्रान्समीटरवरून वाशिममध्ये तयार झालेला कार्यक्रम आठवड्यातून किती तास लागतो? उत्तर आलं तर आकाशवाणी केंद्राला कळवा. नाही आलं तर दुसरं पत्र टाका.