शस्त्रसंधीनंतरचे काम
(मालवण येथील व्याख्यानाचा संक्षेप)



नागालँड मालवणपासून फार दूर आहे. तरीही बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना संसदेत पाठविणाऱ्या या किनाऱ्याला तो प्रश्न परका मानता येणार नाही. कारण त्या डोंगरांतील १९६४ ची शस्त्रसंधी घडविण्यात भारतीय समाजवादी चळवळीच्या एका अध्वर्यूचा मोठा वाटा होता.

बाप्टिस्ट चर्चच्या पुढाकाराने जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलप्रसाद चलिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट यांचे शांतता मंडळ स्थापन झाले. ६ सप्टेंबर १९६४ रोजी शस्त्रसंधी अमलात आली. पंतप्रधान इंदिरा गांधींशी पुढे वाटाघाटींच्या सहा फेऱ्या झाल्या. एका पक्षाचा आग्रह सार्वभौमत्वाचा, दुसऱ्याचा राज्यघटनेच्या चौकटीचा. मधली वाट निघाली नाही. १९७२ मध्ये शस्त्रसंधी संपली.

११ नोव्हेंबर १९७५ चा शिलाँग करार आणीबाणीत झाला. त्या दिवशी जयप्रकाश स्थानबद्ध होते आणि राजापूरचे खासदार दंडवते तुरुंगात होते. भूमिगतांच्या काही प्रतिनिधींनी घटना स्वीकारली; परदेशस्थ फिझोंची सही त्यावर नव्हती. हा करार अमान्य असणाऱ्यांनी १९८० मध्ये नवी सशस्त्र संघटना उभारली. १९८८ मध्ये तीही दुभंगली आणि नागांच्या बंदुका नागांवरच वळल्या. निम्म्या पक्षाशी केलेला तह उरलेल्या निम्म्याला अधिक कडवा करतो, हा त्याचा धडा आहे.

मिझोरामने दुसरी वाट दाखविली. मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर भारतीय विमानांनीच मारा केला होता. वीस वर्षांनी, ३० जून १९८६ रोजी, बंडाचे नेते लालडेंगा यांच्याशीच करार झाला. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहावला यांनी त्यांच्यासाठी पद सोडले. १९८७ मध्ये मिझोराम पूर्ण राज्य झाले. १९८९ च्या निवडणुकीत लालडेंगांचा पक्ष हरला. पण तो पुन्हा जंगलात गेला नाही. सत्तेत खरा वाटा मिळाल्यामुळे पराभवही पचविता आला.

नागा प्रदेशात १९९७ मध्ये पुन्हा शस्त्रसंधी झाली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी आराखडा-करारावर सह्या झाल्या. त्याचा मजकूर मात्र कित्येक वर्षे जनतेपुढे आला नाही. दरम्यान, ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातील ओटिंग येथे कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या सहा मजुरांना सैन्याच्या तुकडीने बंडखोर समजून ठार केले. त्यानंतरच्या प्रक्षोभात आणखी नागरिक मेले. १९५८ च्या विशेषाधिकार कायद्यानुसार सैनिकांवर खटला भरण्यास केंद्राची अनुमती लागते. २०२३ मध्ये ती नाकारण्यात आली.

सरकार आणि सशस्त्र संघटना यांच्यात शस्त्रसंधी होती; त्या मजुरांना तिचे संरक्षण लाभले नाही. म्हणून लोकशाही समाजवाद्यांच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वाटाघाटींत सर्व गटांबरोबर गावांचे प्रतिनिधी आणि स्त्रियाही असाव्यात. कराराचा मसुदा सहीपूर्वी लोकांसमोर यावा. विशेषाधिकार कायदा रद्द व्हावा. जवान कोकणातूनही सैन्यात जातात. त्यांना आपल्याच नागरिकांविरुद्ध उभे करणारी व्यवस्था बदलण्याची मागणी येथूनही झाली पाहिजे.