अभ्यासक्रमांची वाटणी



अमेरिकेतल्या वर्णभेदाचं नाव निघालं की आपल्याला विद्यापीठाचं बंद दार आठवतं. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाने मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश घेतला, तेव्हा दंगल उसळली, दोन माणसं मेली, फौज बोलवावी लागली. त्या प्रसंगाची छायाचित्रं आहेत, त्यावर पुस्तकं आहेत. आजच्या माझ्या विषयाचं छायाचित्र निघू शकत नाही, कारण तो विषय म्हणजे एक सरकारी फाईल आहे. राज्यातल्या कोणत्या सार्वजनिक विद्यापीठाने एमबीए शिकवायचं, कोणी इंजिनिअरिंग, कोणाला पीएचडी देता येईल, हे ठरवणारी फाईल. दार उघडलं, त्यानंतरचा वर्णभेद या फायलींमध्ये मुक्कामाला गेला, असं माझं म्हणणं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. त्याच्या दोनच वर्षं आधी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांसाठी अल्कॉर्न विद्यापीठ निघालं होतं. त्याचे पहिले अध्यक्ष हिरम रेव्हल्स, म्हणजे अमेरिकी सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य. केवढी उमेद असेल पाहा! १८७८ मध्ये राज्याने त्या संस्थेच्या नावातलं ‘विद्यापीठ’ काढलं आणि तिचं शेतकी व यांत्रिकी कॉलेज करून टाकलं. संस्था बंद केली नाही, तिने काय शिकवायचं तेवढं ठरवून दिलं. पुढची शंभर वर्षं हीच रीत चालली.

मिसुरीचं उदाहरण तर जवळजवळ विनोदी आहे. लॉइड गेन्स याला कायदा शिकायचा होता. राज्य म्हणालं, शेजारच्या राज्यात जा, तिथली फी आम्ही भरतो. १९३८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चालणार नाही. गोऱ्यांना राज्यातच कायदा शिकायला मिळतो, तर यालाही मिळाला पाहिजे. मग मिसुरीने काय करावं? गेन्सला आत घेण्याऐवजी सेंट लुईसमध्ये कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं, आणि तेही एका सौंदर्यप्रसाधनं शिकवणाऱ्या संस्थेच्या इमारतीत. गेन्स १९३९ मध्ये शिकागोत बेपत्ता झाला; तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

एकाच राज्यात एकच विषय दोनदा शिकवायचा, एकदा गोऱ्यांसाठी आणि एकदा काळ्यांसाठी. विभक्त शिक्षणाचा पायाच हा होता. म्हणूनच १९९२ साली मिसिसिपीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. प्रवेशाच्या अटींतून वर्ण काढून टाकला म्हणजे राज्याची जबाबदारी संपत नाही. जुन्या व्यवस्थेतून आलेली धोरणं आजही विद्यार्थ्यांना वर्णानुसार वेगळं काढत असतील, आणि त्यांना शैक्षणिक कारण नसेल, तर राज्याने ती मोडली पाहिजेत. गरज नसताना तोच अभ्यासक्रम दोन ठिकाणी चालवणं हे त्यातलंच एक धोरण. दुसरं म्हणजे विद्यापीठांचं वर्गीकरण. मिसिसिपीने १९८१ मध्ये आठ विद्यापीठांची प्रतवारी लावली होती. तीन विद्यापीठं ‘सर्वसमावेशक’, म्हणजे सर्वाधिक विषय आणि डॉक्टरेट त्यांच्याकडे. ती तिन्ही पूर्वी फक्त गोऱ्यांची. कृष्णवर्णीयांचं जॅक्सन स्टेट ‘शहरी’. अल्कॉर्न आणि मिसिसिपी व्हॅली, तीही त्यांचीच, ‘प्रादेशिक’. कागदावर वर्णाचा उल्लेख कुठेही नाही. पंगतीत सगळ्यांना बसवलं, पण वाढपी कोणत्या रांगेत कोणतं भांडं नेणार हे आधीच ठरलेलं होतं.

राज्याचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता: विद्यार्थी मोकळा आहे, हवं तिथे जाईल. आपल्याकडेही हे वाक्य फार प्रामाणिक चेहऱ्याने बोललं जातं. पण ज्या विद्यापीठात तुम्हाला हवा तो विषयच नाही, तिथे जाण्याचं स्वातंत्र्य घेऊन काय करायचं? हा खटला जेक एअर्स यांनी मुलाच्या वतीने १९७५ साली दाखल केला होता. तडजोड मंजूर झाली २००२ मध्ये, सुमारे ५० कोटी ३० लाख डॉलरची. जेक एअर्स १९८६ मध्येच वारले होते.

टेनेसीत मात्र गाडी उलटी चालली. नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांचं टेनेसी स्टेट असताना राज्याने गोऱ्यांच्या विद्यापीठाचा विस्तार त्याच शहरात करायला घेतला. टेनेसी स्टेटमधल्या तरुण प्राध्यापिका रिटा सँडर्स १९६८ मध्ये न्यायालयात गेल्या, आणि शेवटी गोऱ्यांची ती शाखाच १९७९ साली टेनेसी स्टेटमध्ये विलीन करावी लागली. असा निकाल विरळाच.

आता मेरिलँड. माझा सगळा मुद्दा इथे आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

बाल्टिमोर शहरात मॉर्गन स्टेट १८६७ पासून आहे. कृष्णवर्णीयांसाठी निघालेली राज्यात चार सार्वजनिक विद्यापीठं: मॉर्गन, कॉपिन, बोवी आणि ईस्टर्न शोअर. विभक्त शिक्षण बेकायदा ठरल्यावर मॉर्गनलाच शहराचं मुख्य सार्वजनिक विद्यापीठ करता आलं असतं. त्याऐवजी राज्याने १९६६ मध्ये बाल्टिमोरच्या वेशीवर नवं कॅम्पस उघडलं, आणि आजूबाजूच्या गोऱ्यांच्या संस्था वाढवत नेल्या. मग २००५ साली टाउसन आणि युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोर या त्यातल्याच दोन संस्थांच्या संयुक्त एमबीएला राज्याने मान्यता दिली. मॉर्गनमध्ये एमबीए आधीपासून होतं. मॉर्गनने हरकत घेतली, ती बाजूला सारली गेली. पुढच्याच वर्षी माजी विद्यार्थी आणि हितचिंतकांनी राज्यावर खटला भरला.

२०१३ मध्ये न्यायाधीश कॅथरीन ब्लेक यांनी निकाल दिला, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. रोजच्या खर्चाच्या अनुदानात राज्याने भेदभाव केला, हा वादींचा दावा त्यांनी मान्य केला नाही. अभ्यासक्रमांबाबतचा मात्र मान्य केला. वादींच्या तज्ज्ञांच्या विश्लेषणानुसार कृष्णवर्णीयांच्या संस्थांमधले, सगळीकडे असतातच असे मूळ विषय सोडून उरलेले, सुमारे ६० टक्के अभ्यासक्रम अनावश्यकपणे दुसरीकडेही शिकवले जात होते. गोऱ्यांच्या संस्थांत हेच प्रमाण १८ टक्के.

याचा परिणाम कसा होतो? एखादा मागणी असलेला विषय राज्यात एकाच ठिकाणी मिळत असेल, तर सगळे तिथे जातात; काळे, गोरे, आशियाई. त्या विद्यापीठाचा वर्ग आपोआप मिसळतो. तोच विषय दहा मैलांवर दुसऱ्या संस्थेत सुरू केला की गोरा विद्यार्थी तिकडे वळतो, मॉर्गनचा वर्ग पुन्हा एकाच रंगाचा होतो, आणि मग अभ्यासक्रमांना मान्यता देणारेच लोक विचारतात, तुमच्याकडे कोणी येत का नाही?

उपाय काय, यावर आणखी आठ वर्षं गेली. काही अभ्यासक्रम गोऱ्यांच्या संस्थांतून उचलून इकडे हलवा, असं वादी म्हणत होते. ते न्यायालयाला मानवलं नाही. चारही विद्यापीठांत नवे, वेगळे अभ्यासक्रम उभारा, असा आदेश २०१७ मध्ये झाला. राज्य अपिलात गेलं. अपील न्यायालयाने समेट करा म्हणून सांगितलं. विधिमंडळाने भरपाईचं विधेयक मंजूर केलं, तर गव्हर्नर लॅरी होगन यांनी २०२० मध्ये कोरोनाच्या आर्थिक ओढाताणीचं कारण देऊन नकाराधिकार वापरला. मार्च २०२१ मध्ये त्यांनीच तशा विधेयकावर सही केली: ५७ कोटी ७० लाख डॉलर, दहा वर्षांत.

रक्कम लहान नाही. शिष्यवृत्त्या, प्राध्यापक, नवे विषय, सगळ्याला ती लागणारच होती, आणि पंधरा वर्षं भांडलेल्या लोकांनी ती घेतली यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नव्या अभ्यासक्रमांचे प्रस्ताव तपासायला स्वतंत्र विभागाची तरतूदही त्या कायद्यात आहे. तरी हिशेब खटकतो. न्यायालयाने दोष काढला अभ्यासक्रमांच्या वाटणीत, आणि राज्याने चुकतं केलं पैशात. ज्या संस्थेने तुमचा विषय घेतला, तिच्याकडे तो राहिला. तुम्हाला दुसरा उभा करायला पैसे मिळाले. वाटणी करणारा हात तोच राहिला.

मेरिलँडमध्ये याची परीक्षा लगेच झाली. सहीला दोन वर्षं होतात न होतात तोच, २०२३ मध्ये टाउसनने बिझनेस अ‍ॅनालिटिक्समधल्या पीएचडीचा प्रस्ताव आणला. आमच्याकडे बिझनेसची पीएचडी आहे, असं सांगत मॉर्गनने पुन्हा हरकत घेतली.