आधी वहीची नक्कल, मग तार

आमच्या प्रशिक्षण केंद्रात दहा जुने संगणक पडून होते. प्रत्येकाला पेनड्राइव्ह लावून भाषा, वेळ, पासवर्ड दहादा भरत बसायचं, म्हणजे दोन दिवस गेलेच. त्याला सोपी वाट आहे.

सगळे संगणक तारेने एका स्विचला जोडायचे, एकाला सर्व्हर करायचं. बाकीच्यांच्या सेटिंगमध्ये 'नेटवर्कवरून सुरू हो' असं निवडायचं. याला पीएक्सई म्हणतात. सर्व्हर प्रत्येकाला आधी नेटवर्कवरचा पत्ता देतो, मग सुरुवातीची फाईल. डेबियन ही मोफत प्रणाली घेतली, तर सगळ्या प्रश्नांची उत्तरं 'प्रीसीड' नावाच्या एका फाईलमध्ये आधीच लिहून ठेवता येतात. समोर कुणी बसायला नको.

पण बायांनो, त्या फाईलमध्ये डिस्क कोरी करायला लिहिलं असेल, तर ती परत विचारत नाही. आमच्या एका संगणकात गटाचं तीन वर्षांचं कर्जखातं होतं. खजिनदार ताईंना ऐनवेळी आठवलं, त्यांनी तार उपटली, म्हणून वाचलं.

तेव्हा आधी हिशेबाची नक्कल काढा. एकाच संगणकावर करून बघा. काम झालं की नेटवर्कची सेटिंग बंद करा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.