ओळखणें आणि ओळख दाखविणें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत बोलावयास उभे राहणारानें गतवर्षांचा आढावा घ्यावा, दिवंगतांचे गुण गावे आणि तरुण पिढीस चार शब्द सांगावे, अशी आपली रीत आहे. तें काम आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं उत्तम केलें आहे. आम्हांस आज एका लहानशा विषयाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. हा विषय मानसशास्त्राचा म्हणून गणला जातो. परंतु आम्हांस तो प्रथम आपल्या भाषेनेंच सुचविला. "अमक्यानें मला ओळखलें" असें आपण म्हणतों, आणि "अमका रस्त्यांत भेटला, पण त्यानें ओळख दाखविली नाहीं" असेंहि म्हणतों. पहिल्या वाक्यांत डोळ्यांचें व स्मरणाचें काम आहे. दुसऱ्यांत तें काम होऊन चुकलेलें आहे. त्या गृहस्थानें आपणांस पुरतें ओळखलें होतें, म्हणूनच तर तें मनास लागतें. आपण कोण हें ज्यास ठाऊकच नव्हतें त्याच्यावर कोणी रुसत नाहीं. ओळखणें आणि ओळख दाखविणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली असली कीं दुसरी आलीच, आणि पहिली गेली कीं दुसरीहि गेलीच, असें धरून आपण घरांत, कामावर आणि मरणाच्या प्रसंगीं वागत असतों. हें धरून चालणें कितपत खरें आहे, हें आज पाहूं.

जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ एद्वार क्लापारेद ह्यांनीं १९११ सालीं एका स्मृतिभ्रष्ट बाईची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या बाईस जुन्या गोष्टी आठवत, पण नवी गोष्ट टिकत नसे. रोज भेटणारे वैद्य तिला रोज नवे वाटत. एके दिवशीं क्लापारेद ह्यांनीं आपल्या बोटांत टांचणी लपवून तिचा हात हातीं घेतला. टांचणी टोंचली, आणि थोड्याच वेळांत बाई तें विसरूनहि गेली. पुढें त्यांनीं पुन्हां हात पुढें केला तेव्हां मात्र तिनें आपला हात चटकन मागें ओढला. समोरचा मनुष्य तिला अनोळखी होता. टांचणीचा प्रसंग आपल्यावर गुदरला होता हेंहि तिला आठवेना. तरी हात राहिना. हा प्रयोग थोडा निर्दयच होय, आणि आज तो कोणी करूं देणार नाहीं. परंतु डोक्यांत नसलेली ओळख अंगांत राहूं शकते, हें त्यानें दाखविलें.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार पॅरिसमध्यें जोझेफ काप्ग्रा व ज्याँ रबूल-लाशो ह्या वैद्यांनीं १९२३ सालीं नमूद केला. एक बाई म्हणे कीं, आपला नवरा व मुलें नाहींशीं झालीं असून त्यांच्या जागीं हुबेहूब तशींच दिसणारीं परकीं माणसें आणून ठेविलीं आहेत. चेहरा तोच, आवाज तोच, हें तिला मान्य होतें. पण "हा तो नव्हे" हें तिचें म्हणणें ढळेना. पुष्कळ वर्षें हें निव्वळ वेड म्हणून गणलें गेलें.

१९८४ सालीं अमेरिकेंतील रसेल बाउअर ह्यांनीं एका रोग्याची परीक्षा केली. मेंदूस इजा झाल्यामुळें त्यास कोणाचाच चेहरा ओळखतां येत नसे. योआखिम बोडामर ह्यांनीं १९४७ सालीं ह्या व्याधीस 'प्रोसोपॅग्नोशिया' असें नांव दिलें होतें. बाउअर एकेक चित्र दाखवीत आणि कांहीं नांवें वाचून दाखवीत. रोगी म्हणे, "हें कोण, ठाऊक नाहीं." परंतु खरें नांव उच्चारलें जातांच त्याच्या त्वचेंतील विजेच्या प्रवाहांत पुष्कळदां फरक पडे. मन ओळखत नव्हतें आणि हाताची कातडी ओळखीत होती. ह्यावरून हॅडन एलिस व अँड्र्यू यंग ह्यांनीं १९९० सालीं असें अनुमान बांधलें कीं, चेहरा पाहून 'हा कोण' हें कळण्याची वाट एक आणि त्या चेहऱ्यानें मन हलण्याची वाट दुसरी. पॅरिसच्या बाईसारख्यांची पहिली वाट शाबूत असून दुसरी बंद पडली असावी. १९९७ सालीं तशा पांच रोग्यांची परीक्षा झाली तेव्हां परिचित चेहरे पाहूनहि त्यांची त्वचा अनोळखी चेहऱ्यांहून निराळें उत्तर देईना.

त्याच वर्षीं तामिळनाडूंत जन्मलेले व अमेरिकेंत काम करणारे डॉ. रामचंद्रन ह्यांनीं विल्यम हर्स्टीन ह्यांच्यासह एका तरुणाची हकीकत प्रसिद्ध केली. वाहनाच्या अपघातानंतर हा तरुण आपल्या मातापित्यांस तोतये समजूं लागला. परंतु तेच मातापिता दूरध्वनीवरून बोलले कीं तो त्यांस बिनशंक आपलेंसें मानी. पाहण्याची वाट तुटली होती, ऐकण्याची तुटली नव्हती. ह्या मातेच्या जिवास काय वाटत असेल ह्याचा विचार आम्हीं पुष्कळदां केला आहे. तिच्या मुलास तिचें नांव, तिचा चेहरा, तिच्या हातचें जेवण, सारें ठाऊक होतें. आणि तरीहि ती त्याची आई नव्हती.

आतां रोग्यांचा वृत्तांत निरोगी घरास जसाच्या तसा लावणें बरोबर नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या घरांत कोणाच्याहि मेंदूस इजा झालेली नाहीं त्या घरांतहि ही दुसरी वाट बुजलेली आढळते. संध्याकाळच्या गाडींतून उतरून घरीं येणारा गृहस्थ दार उघडणारीकडे पाहतो तें दार उघडलें कीं नाहीं एवढें पाहण्यापुरतें. स्वयंपाक करणारीची ओळख भाजींत मीठ कमी पडलें तरच पटते! मुलें लहान असतांना ह्याची फार लवकर दखल घेतात. एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आईनें तान्ह्या मुलाशीं हंसतखेळत असतां एकाएकीं चेहरा निर्विकार करून कांहीं मिनिटें मुलाकडे नुसतें पाहत राहावयाचें होतें. आई समोरच होती आणि ती कोण ह्याविषयीं मुलास संशय नव्हता. मूल प्रथम हंसून पाही, हात हालवी, आईस पुन्हां खेळांत ओढूं पाही. उत्तर येईना तेव्हां तोंड फिरवून गप्प होई. मोठीं माणसें हेंच करतात, फक्त त्यांना तोंड फिरविण्यास वर्षें लागतात.

कामाविषयीं थोडक्यांतच सांगतों. डॅन आरिएली, एमिर कामेनित्सा व द्राझेन प्रेलेक ह्यांनीं २००८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कागदावरील अक्षरांतून ठराविक जोड्या शोधावयाच्या, आणि दर पुढच्या कागदास मोबदला थोडा कमी. कांहींजणांचा कागद परीक्षक पाहून ठेवून घेई. कांहींचा न पाहतां बाजूस टाकी. कांहींचा समोरच यंत्रांत घालून त्याच्या चिंध्या करी. पहिल्यांनीं सरासरी ९ कागद केले, तर उरलेल्या दोन्ही मंडळांनीं ६ ते ७ च्या दरम्यान. पाहिलें न जाणें आणि काम फाडलें जाणें ह्यांत माणसाच्या उत्साहास फारसा फरक वाटला नाहीं. ह्या महोत्सवाच्या पुस्तिकेंत देणगीदारांचीं नांवें छापलीं आहेत, तें योग्यच आहे. देणगी नोंदवितां येते. वेदीचीं वस्त्रें धुणाऱ्या, फुलें रचणाऱ्या, मिस्सेनंतर बाकें पुसणाऱ्या बायांचे हात कोणत्या रकान्यांत नोंदवावे हें कार्यकारी मंडळास सुचलें नसेल. परंतु त्यांपैकीं पुष्कळजणी आज ह्याच सभेंत मागच्या बाजूस बसल्या आहेत, आणि त्यांस ओळखण्यास पुस्तिकेची गरज नाहीं.

दुःखाच्या प्रसंगीं हा भेद फार तीव्र होतो, म्हणून तेथें अंमळ थांबूं. केनेथ डोका ह्या अमेरिकन अभ्यासकानें १९८९ सालच्या आपल्या पुस्तकांत ज्या शोकास समाज जागाच देत नाहीं अशा शोकाचा विचार केला. आपल्याकडे शोकास जागा फार व्यवस्थित आखून दिलेली आहे: घंटा वाजते, शेजारी चूल सांभाळतात, सातव्या दिवशीं मिस्सा, काळीं वस्त्रें, वर्षश्राद्धाची मिस्सा. ज्याच्या दुःखास ही घंटा वाजते तो दुःखांतहि एकटा नसतो. परंतु पोटांतच गेलेल्या अथवा जन्मतांच गेलेल्या अर्भकाच्या आईस कोणती घंटा? १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेप्रमाणें बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकास धर्मविधीनें मूठमाती मिळत नसे. आयर्लंडसारख्या श्रद्धाळू देशांत अशा बाळांसाठीं पवित्र केलेल्या भूमीबाहेर निराळ्या जागा होत्या; 'किलीनी' ह्या नांवानें त्या आजहि दाखविल्या जातात. १९८३ च्या संहितेनें ही रीत बदलली. आईबापांचा बाप्तिस्मा देण्याचा हेतु होता आणि त्यापूर्वींच मूल गेलें, तर धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनें त्याचा दफनविधि करतां येतो. हा नियम फार थोड्या घरांस ठाऊक आहे असें आम्हांस वाटतें. अशा मातेस आपण काय म्हणतों? "तूं अजून तरुण आहेस, दुसरें होईल." बोलणाराचा हेतु वाईट नसतो. परंतु दुसऱ्या मुलाचा विषय काढून आपण पहिलें झालेंच नव्हतें असें तिला सांगत असतों. तिनें त्याचें नांव मनांत ठरविलें होतें. तें नांव कोणीं विचारलें तर ती सांगते, आणि सांगून झाल्यावर पुष्कळ वेळ रडते. आम्हीं हें पाहिलें आहे, आणि त्या रडण्यानें तिचें नुकसान झालेलें पाहिलें नाहीं.

समुद्रावर गेलेला पुरुष परत आला नाहीं तर शोकास जागा असूनहि तींत बसतां येत नाहीं. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर उठलेल्या ओखी वादळांत केरळ व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील अनेक ख्रिस्ती मच्छीमार घरांचें असें झालें, आणि दर्यावर पोट असलेल्या आपल्या कोळी बांधवांस ह्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यांस सहजच खबर लागावयाची त्यांस सात वर्षें कांहींच खबर न लागल्यास तो मनुष्य मृत धरावा, असा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा नियम होता. २०२३ च्या नव्या कायद्यानेंहि तो कायम ठेविला आहे. सातव्या दिवसाच्या मिस्सेऐवजीं सातवें वर्ष! तोंवर ती बाई विधवा नव्हे आणि सौभाग्यवतीहि नव्हे. शेजारणींस तिला कोणत्या शब्दांनीं भेटावें हें सुचत नाहीं, म्हणून त्या वाट बदलून जातात. पॉलिन बॉस ह्या विदुषीनें व्हिएतनामच्या युद्धांत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि अशा नुकसानीस 'संदिग्ध वियोग' ह्या अर्थाचें नांव दिलें. तिनें त्याचे दोन प्रकार मानिले: एकांत माणूस नाहीं, पण मनांत आहे, दुसऱ्यांत माणूस समोर आहे, पण मनानें निघून गेलें आहे.

हा दुसरा प्रकार आज आपल्या घरोघरीं आहे. आयुर्मान वाढलें तसे स्मृति गेलेले वृद्धहि वाढले. त्यांच्या भेटीस जाणारा पाहुणा खाटेजवळ उभा राहून पहिला प्रश्न करतो, "आजी, मला ओळखलें का?" उत्तर येत नाहीं. पाहुणा पुन्हां विचारतो, "बघा नीट, कोण आलें आहे?" ही भेट नव्हे, ही परीक्षा होय, आणि ती अशा विद्यार्थ्याची, कीं ज्याची पाटी देवानें पुसली आहे. आजी ओशाळतात. पाहुणा बाहेर येऊन म्हणतो, "आतां त्यांना कांहीं कळत नाहीं, जाऊन उपयोग काय?" आणि पुढच्या खेपेस येत नाहीं.

उपयोग काय, ह्याचें थोडेंबहुत उत्तर मिळालें आहे. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत अल्झायमरच्या रोग्यांस दुःखाचीं व आनंदाचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. त्याचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. थोड्या वेळानें काय पाहिलें हें त्यांस नीटसें सांगतां येईना. एकास तर कांहीं पाहिल्याचेंच स्मरण नव्हतें. परंतु चित्रानें आलेली उदासी अथवा प्रसन्नता त्यानंतरहि त्यांच्या ठायीं टिकून होती. क्लापारेद ह्यांच्या टांचणीची ही दुसरी बाजू होय: टांचणी विसरली तरी हात मागें येतो, तसा पाहुणा विसरला तरी पाहुणचार अंगांत राहतो.

आमच्या परिचयाच्या एका घरीं सासूबाईंची स्मृति गेल्यास चार वर्षें झालीं होतीं. त्यांची सून रोज सकाळीं दार लोटून आंत जातांना कांहीं न विचारतां स्वतःच सांगे, "आई, मी तुमची सून. चहा आणला आहे." सासूबाई कधीं विचारीत, "कोणाची सून?" मग ती नवऱ्याचें नांव घेऊन सांगे, आणि त्या "असें होय" म्हणत. बहुतेक दिवस तें नांवहि त्यांस लागत नसे. रुग्णालयांतून आलेली कोणी मुलगी समजून त्या तिचे आभार मानीत. पण पेला हातीं घेण्यापूर्वीं त्या खाटेवर थोडें सरकून तिला बसावयास जागा करून देत, आणि ती बसल्याशिवाय चहास तोंड लावीत नसत.