ऊन कुठल्या बाजूला?

शनीच्या कड्यांचे फोटो तुम्ही पाहिलेले आहेत. ती कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे, हेही ठाऊक आहे. मी बोलणार आहे त्यांच्या उजेडाबद्दल. तोच भाग एका फोटोत लख्ख आणि दुसऱ्यात काळपट दिसतो, तो का?

खळ्यावरची उफणणी आठवा. ऊन पाठीशी असलं की टोपल्यातून पडणारे दाणे चमकतात, कुटाराची बारीक धूळ नजरेत भरत नाही. आता पलीकडे जाऊन उन्हाकडे तोंड करा. दाणे काळे पडतात आणि धूळ झगझगते. माल तोच, जागा तुमची बदलली! दाणा उजेड मागे परतवतो, धूळ तो पुढे सारते.

व्हॉयेजर 1 हे यान 1980 मध्ये शनीकडे जात होतं, तेव्हा 'बी' कड्यावर काळपट पट्टे दिसले. पुढे गेल्यावर यानाने वळून सूर्याकडे तोंड करून फोटो घेतले, तर तेच पट्टे उजळ. म्हणजे ते पट्टे दाण्यांचे नव्हते, कुटारासारख्या बारीक धुळीचे होते.

म्हणून सांगतो, फोटोवर मत देण्याआधी ऊन कुठे, कॅमेरा कुठे, हे विचारा. आपण विचारत नाही. जून 2020 मध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं, तेव्हा मोबाईलवर सकाळचे, संध्याकाळचे, वरून रंग चढवलेले फोटो फिरले आणि त्यांवरून आपण वाद घातले. खरी तुलना लँडसॅट 8 या उपग्रहाच्या 25 मे आणि 10 जूनच्या फोटोंची. सोळा दिवसांनी तोच उपग्रह, सकाळची तीच वेळ, ऊन जवळपास तेवढंच वर. मग फरक पाण्यातलाच! पुण्याच्या आघारकर संस्थेला त्या पाण्यात खारात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले.

शनीपाशी ही सोय नाही. कॅसिनी यान 2004 ते 2017 तिथे फिरलं, पण ऊन आणि कॅमेरा यांच्यातला कोन सतत बदलता. तो कोन हिशेबात धरल्याशिवाय उजेडाचे आकडे शेजारी मांडता येत नाहीत.

गुरुजनहो, मुलांना लोणारला न्याल तेव्हा एकाच जागेवरून सकाळी आणि दुपारी फोटो काढायला लावा. खाली वेळ लिहून घ्या, विसरू नका. मार्च 2025 मध्ये शनीची कडी पृथ्वीवरून दिसेनाशी झाली होती, तीही कोनाचीच गोष्ट, पण ती... वेळ संपल्याची खूण झाली.