औषध मिळते, तरीही रुग्ण उशिरा येतो
(वार्षिक सभेत केलेले भाषण)



१ एप्रिल २००४ रोजी देशातील आठ शासकीय रुग्णालयांत एचआयव्हीवरील मोफत औषधोपचार सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. त्या काळी सीडी-४ पेशी बऱ्याच घटल्याखेरीज औषध सुरू होत नसे. २०१७ पासून ती अट गेली आणि निदान होताच उपचार मिळू लागले. आता हाडांचा सापळा झालेले रुग्ण आमच्या खाटांवर दिसणार नाहीत, अशी आशा आम्हां सर्वांना वाटली होती. ते अजूनही दिसतात.

प्रौढाच्या रक्तात दर घनमिलिमीटरला २०० पेक्षा कमी सीडी-४ पेशी उरल्या, अथवा क्षयासारखा गंभीर आजार जडला, की जागतिक आरोग्य संघटना त्यास ‘प्रगत एचआयव्ही आजार’ म्हणते. पूर्वी अशा रुग्णाचे बहुधा निदानच झालेले नसे. आज त्याच्या पिशवीत अनेकदा जुनी उपचारपुस्तिका निघते. कुणी ऊसतोडीला गेला, सहा महिने गाव सुटले, गोळ्या संपल्या. मुकादमाकडे रजा मागावी तर कारण काय सांगावे? २०१७ च्या कायद्याने भेदभावास मनाई केली आहे, पण कोपीतल्या कुजबुजीपर्यंत कायदा पोहोचत नाही. कुणी बरे वाटू लागले म्हणून गोळ्या थांबविल्या. आणि परतल्यावर खिडकीपाशी होणारी खरडपट्टी हेही न येण्याचे एक कारण आहे, हे आपण मान्य केलेले बरे.

विषाणुभार मोजण्याची सोय वाढली, ही समाधानाची बाब. परंतु प्रतिकारशक्ती किती ढासळली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून परतलेल्या रुग्णाची सीडी-४ तपासणी पुन्हा व्हावयास हवी. पेशी कमी आढळल्यास क्षयाचा शोध घ्यावा आणि क्रिप्टोकॉकस बुरशीसाठी रक्ताची साधी चाचणी करावी. या बुरशीचा अंश मेंदूज्वराची लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे रक्तात सापडू शकतो. त्या अवधीत बुरशीनाशक गोळ्या देऊन जीव वाचविता येतो. डोकेदुखीने रुग्ण कळवळू लागल्यावर काम फार अवघड होते.

औषधे शासन देते; बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे जेवण यांची तरतूद मात्र कुणाच्याच खात्यात नाही. यंदाच्या देणग्यांतील एक वाटा त्यासाठी आणि या चाचण्यांसाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे. नोंदणी-कक्षातील सहकाऱ्यांनाही एक सांगणे: ‘इतके दिवस कुठे होता?’ असे विचारण्याआधी रुग्णाच्या हाती सीडी-४ तपासणीची चिठ्ठी द्यावी.